मराठवाड्यातील महाविद्यालयीन इंग्रजी : अंबाजोगाईच्या संदर्भात

आद्य मराठी ग्रंथकार म्हणून ज्यांचे नाव परंपरेने घेतले जाते त्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. या स्थानाविषयी विद्वानांत मतभेद आहे. परंतु दासोपंतांच्या कर्तृत्वाविषयी तसा वाद नाही आणि त्यांची वस्त्रावर लिहिलेली पासोडी प्रसिद्धच आहे. अशा गावी इंग्रजीचा इतिहास शोधू जाणे काहीसे विपरीत वाटेल. तथापि निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. अर्थात इंग्रजी येथे प्रथम आली ती पाठ्यपुस्तकातून नव्हे, हुकुमाची भाषा म्हणून आली, आणि छावणीबरोबरच ती गेली. महाविद्यालयातील इंग्रजीशी तिचा काही धागा जुळत नाही.

तो धागा हैदराबादेस सापडतो. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरविले आणि इंग्रजी ही सक्तीची भाषा म्हणून ठेवली. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेतील विद्यार्थी त्या काळी इतिहास, तर्कशास्त्र, रसायन इंग्रजीतूनच शिकत असे. इंग्रजीचा तास हा त्याच्या इंग्रजी-संपर्काचा एक अल्प अंश होता. उस्मानियाच्या विद्यार्थ्याला मात्र तो तास म्हणजेच जवळजवळ सारी इंग्रजी. परभाषा ही परभाषा म्हणून कशी शिकवावी, हा प्रश्न म्हणून मुंबईपेक्षा हैदराबादेत अधिक स्पष्टपणे उभा राहावयास हवा होता. जपानात अनेक वर्षे इंग्रजी शिकवून आलेले ई. ई. स्पाइट हे उस्मानियात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे. मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील अनुभवावरून द्वैभाषिकतेवरील आपला ग्रंथ 1926 मध्ये प्रसिद्ध केला. ज्याला इंग्रजी बोलण्याचा प्रसंग क्वचितच येणार, त्या विद्यार्थ्याला प्रथम वाचनाची शक्ती द्यावी, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. उस्मानियाच्या विद्यार्थ्यास ते अक्षरशः लागू पडत होते.

मराठवाड्यातील मराठी मुलाची स्थिती याहूनही बिकट. त्याची घरची भाषा मराठी, सरकारी माध्यमिक शाळेची आणि विद्यापीठाची भाषा उर्दू; इंग्रजी या दोहोंच्या पलीकडे. उर्दू ही त्या मुलाला जशी लादलेली वाटे, तशीच इंग्रजी वाटत असे काय? तसे दिसत नाही. स्वामी रामानंद तीर्थ 1930 च्या दशकात अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. राष्ट्रीय वृत्तीच्या अशा शाळांचा झगडा मातृभाषेच्या अधिकारासाठी होता, इंग्रजीच्या उच्चाटनासाठी नव्हता. किंबहुना उर्दूचे राजकीय वर्चस्व असलेल्या प्रदेशात इंग्रजीकडे तिऱ्हाईत भाषा म्हणून पाहणे शक्य होते. ब्रिटिश मुलखातील राष्ट्रवाद्यांना ही सोय नव्हती.

1948 च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर हे सारे पालटले. उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी हे माध्यम आले. ज्या पिढीने उर्दूतून तयारी केली होती, तिच्यापुढे एकाएकी इंग्रजी व्याख्याने आली. 1950 मध्ये औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे आणि नांदेडास पीपल्स कॉलेज अशी महाविद्यालये निघाली, तीही याच संक्रमणात. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे निबंधक राहिलेले. नव्या विद्यापीठावर जुन्या विद्यापीठाचा ठसा उमटला असेल तर नवल नाही. उर्दूतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पुढे मराठीत असे माध्यमाचे दोन पालट या भागाने थोड्या काळात पाहिले. सक्तीच्या इंग्रजीचा तास तेवढा कायम राहिला.

त्या तासाचे स्वरूप काय होते? निवडक गद्याचा एक संग्रह, काही कविता, एखादी कथा वा नाटक. परीक्षेत संदर्भासह स्पष्टीकरण, सारांश, निबंध. योगेश्वरी शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात परळी-केजच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलालाही तेच, मुंबईच्या मुलालाही तेच. भाषा शिकविण्यासाठी साहित्य आणि साहित्य समजण्यासाठी आधी भाषा, अशा या चक्रातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग विद्यार्थ्यास उपलब्ध होता, तो बाजारात मिळणाऱ्या गाइडचा. गाइडास दोष देणे सोपे आहे. वस्तुतः अभ्यासक्रमात जे व्याकरण आणि जो शब्दार्थ गृहीत धरला होता, तो पुरविण्याचे काम गाइड करीत होते, वाईट रीतीने का होईना.

येथे भाषाशास्त्राचा संबंध येतो. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्याचेच इंग्रजी रूप, 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे', चुकीचे ठरते. कारण इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळास निश्चित भूतकालवाचक क्रियाविशेषण चालत नाही. मराठी विद्यार्थी ही चूक अज्ञानाने करीत नाही, आपल्या भाषेच्या नियमाशी प्रामाणिक राहून करतो. उपपदांचेही तसेच. मराठीत 'एक' आणि 'तो' ही कामे अंशतः करतात; म्हणून विद्यार्थी उपपद कोठे गाळावे याहून कोठे घालावे याविषयी अधिक चाचपडतो. अशा चुकांना तांबड्या शाईने अधोरेखित करणे म्हणजे शिकविणे नव्हे. परंतु शिक्षकाची पदवी इंग्रजी साहित्याची असे. दोन भाषांच्या तुलनेचे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते.

विद्यापीठ अनुदान मंडळाने नेमलेल्या कुंझरू समितीने 1957 च्या अहवालात हीच उणीव दाखविली. माध्यम बदलले तरी इंग्रजीचा अभ्यास सर्वांनी करावा, आणि त्यासाठी शिकविण्याच्या खास पद्धती योजाव्यात, असे तिचे मत होते. पुढच्याच वर्षी हैदराबादेस सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश निघाली. कन्नड कवी व समीक्षक वि. कृ. गोकाक यांनी तिचे संचालकपद भूषविले. ज्या नगराने इंग्रजीस माध्यमाच्या पदावरून प्रथम दूर केले, तेथेच इंग्रजी-अध्यापनाची राष्ट्रीय संस्था उभी राहावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. मात्र मराठवाडा तोपर्यंत त्या राज्यातून बाहेर पडला होता.

अंबाजोगाईत या प्रश्नाला पुढे आणखी एक धार आली. 1970 च्या दशकात तेथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्यास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव देण्यात आले. शरीरशास्त्राची सारी पुस्तके इंग्रजी, रुग्ण मात्र मराठी बोलणारे. कला शाखेचा विद्यार्थी मराठीतून उत्तरे लिहून इंग्रजीचा एक पेपर कसाबसा पार करू शके. वैद्यकाच्या विद्यार्थ्यास ती पळवाट नव्हती. त्याला हवे होते ते वेस्ट यांनी सांगितलेले वाचनच: वाक्यरचना ओळखणे, संज्ञा पकडणे, पान वेगाने पुढे नेणे. 2000 साली महाराष्ट्राने पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली. ती मुले महाविद्यालयात पोचली तेव्हा बारा वर्षांची इंग्रजी त्यांच्या पाठीशी होती, आणि काल पाहिलेल्या मनुष्याविषयीचे ते वाक्य त्यांच्याही उत्तरपत्रिकांत होते.