दोष बॅटरीचाच?

सायखेडा-चांदोरीच्या द्राक्षपट्ट्यात जुना मिनी ट्रॅक्टर सकाळी सेल्फ उचलेनासा झाला, की निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली, नवी टाका. आठवड्यात पुन्हा तेच झालं, की मग अल्टरनेटर गेला. हे सांगणाऱ्यांचा अनुभव मी नाकारत नाही. बॅटरी काही वर्षांत थकतेच, आणि बदलली की गाडी चालूही होते. पण चालू होणं हा पुरावा नव्हे. भरलेली बॅटरी चार्जिंग बंद असतानाही काही वेळा सेल्फ मारून देते. शिवाय बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांना एकदा चालू झाल्यावर वीज लागत नाही, म्हणून दिवसभर ब्लोअर ओढतानाही दोष झाकलेला राहतो आणि सकाळी बदनाम होते बॅटरी.

खरं उत्तर साध्या मीटरकडे आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतात, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन मध्यम रेसवर असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय. तो नवी बॅटरीही उकळून टाकेल. कमी दिसले तरी अल्टरनेटर लगेच उतरवू नका. आधी पट्टा दाबून पाहा. मग हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर ठेवा. तिथे अर्धा व्होल्ट दिसला, तर वीज तयार होतेय पण वाटेत मरतेय. तशीच तपासणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यात करा. मोरचूद-गंधकाच्या फवारणीत वावरणाऱ्या ट्रॅक्टरच्या वायरींचे लग हिरवे पडतात, अर्थिंगची जोडणी गंजते. पुराच्या पाण्यानेही हेच होतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी या गावांत शिरलं होतं. जुना ट्रॅक्टर घेताना तो पुरात उभा होता का, हे विचारलंच पाहिजे.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग ठीक' म्हणणं तर घातकच. डिझेल इंजिन तसंही चालतच राहील, आणि व्होल्टेजच्या झटक्याने चांगल्या अल्टरनेटरचे डायोड मात्र उडू शकतात. चार्जिंगच्या दिव्यावरही विसंबू नका. चावी फिरवल्यावर तो पेटलाच नाही, तर कदाचित त्याचा बल्बच गेलाय, आणि अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो.

पुढच्या वेळी नवी बॅटरी सुचवली गेली, तर पैसे देण्याआधी हे आकडे कागदावर लिहून मागा.