सातबाऱ्यावर न उमटलेले आजारपण

विदर्भातला शेतकरी कर्जबाजारी का झाला, या प्रश्नाची उत्तरे आपल्याला पाठ झाली आहेत : नापिकी, कापसाचा भाव, सावकार, मुलीचे लग्न. ही उत्तरे खोटी नाहीत. मात्र या यादीत घरातल्या वडीलधाऱ्यांचे दुखणे बहुधा 'इतर खर्चा'त ढकलले जाते. शेतीचा इतिहास आणि आजारपणाचा इतिहास आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहिला, असे आम्हांस वाटते.

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे या दोन्ही वह्या एकत्र उघडाव्या लागतात. १९९० साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. १९५१पासून भूदान मागत देशभर पायी फिरलेले विनोबा जवळच्याच पवनारचे. दानात दिलेल्या जमिनीची नोंद झाली. दुखण्यापायी गेलेल्या जमिनीची कोणी ठेवली?

उपचाराचे बिल हा खर्चाचा एक भाग. येण्याजाण्याचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, ऐन कापूसवेचणीत शेत सोडून खाटेजवळ बसलेला मुलगा, हे बिलात येत नाही. पक्षाघाताचा रुग्ण घरी परतला की खरा खर्च सुरू होतो. वृद्धांची शुश्रूषा खेड्यात घरातच होते. तिचे मोल बहुतेक वेळा सुनेच्या श्रमातून आणि शेताच्या उत्पन्नातून चुकते होते.

आजारपण आणि पीक यांचे हे नाते याच जिल्ह्यात एकदा नीट ओळखले गेले होते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांत आरोग्यविमा राबवला, तेव्हा वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपात घेतली जाई. शेतकऱ्याच्या हाती काही असते ते सुगीलाच, ही साधी गोष्ट त्या योजनेला ठाऊक होती. दुखणे मात्र सुगी पाहून येत नाही. म्हणून ज्वारी आधी जमा करायची.

कागदपत्रांकडे वळले की चित्र धूसर होते. सातबाऱ्यावर बोजा दिसतो, फेरफारात नवे नाव चढते. कारण दिसत नाही. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला 'कायदेशीर गरजे'साठी जमीन विकता वा गहाण टाकता येते, आणि कुटुंबीयांचे औषधपाणी त्या गरजेत बसते. म्हणजे कायद्याने आजारपणाला कधीच ओळखले होते; इतिहासकाराने मात्र त्या खरेदीखतांकडे फारसे पाहिले नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७चा कायदा यापुढे जातो. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते (कलम २३). जमीन नावावर असेपर्यंतच ताट वेळेवर वाढले जाते, हे गावाला ठाऊक असलेले सत्य येथे कलमाच्या भाषेत आले आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या शेतकऱ्याची म्हातारपणाची ठेव म्हणजे त्याचे शेत. पेच असा की, दुखण्यात शेत विकावे तर पुढच्या पिढीची भाकर जाते, आणि राखावे तर म्हाताऱ्याचे औषध थांबते.

शासनाच्या दोन कृती येथे शेजारी ठेवून वाचाव्यात. २००८ची केंद्राची कर्जमाफी बँका आणि सहकारी संस्थांच्या शेतीकर्जापुरती होती. दवाखान्यासाठी सावकाराकडून वा सोयऱ्यांकडून उचललेला पैसा तिच्याबाहेर राहिला. २०१२मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या आरोग्ययोजनेत (आजची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना) पुढे वर्ध्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबे मुद्दाम घेतली गेली. रोग आणि ऋण यांचा संबंध शासनाने येथे मान्य केला. २०२३मध्ये ही योजना सर्वांना खुली करण्याचा निर्णय झाला. तरी रुग्णालयातून घरी परतल्यानंतरची वर्षानुवर्षांची शुश्रूषा तिच्या कक्षेत येत नाही.

आपल्या ग्रामीण साहित्यात सावकार ठळक आहे. खाटेवरचा म्हातारा बहुधा पार्श्वभूमीला खोकत असतो. जमीन का गेली हे कळायचे, तर त्या खाटेपासून वाचायला सुरुवात करावी लागेल.