पत्र्याचा घाम

आमचं जुनं घर माळवदाचं. दोन-अडीच हात रुंद दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर किलचनं, पाला आणि वर पांढरी माती. मधोमध हातभर भोक असायचं, त्याला सानं म्हणायचे. उजेड तिथूनच यायचा, चुलीचा धूर आणि वाफ तिथूनच जायची. हिवाळ्यात बाहेर अंग उलायचं, पण आत ऊब असायची. घरात वाफ झाली तर मातीची भिंत ती पिऊन घ्यायची आणि हवा कोरडी झाली की हळूहळू सोडायची. कणगीतल्या ज्वारीला थंडीत कधी कुबट वास आला नाही.

पण याच माळवदानं माणसं मारली. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, जुनी मात्र कोण काढणार? ओझं वाढतच गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक गाढ झोपले होते. किल्लारी, सास्तूर अशी गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. आमचं गाव औसा तालुक्यातलंच. आमची मागची भिंत फुटली, पण आम्ही वाचलो. त्यानंतर घरात निजायची कुणाची छाती होईना.

मग खळ्यावर पत्र्याचं शेड मारलं. त्यात आम्ही सातजण. थंडी सुरू झाली तशा सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या. चूल आत, अंघोळीचं पाणीही आतच तापायचं. पहाटे तोंडावर टपटप थेंब पडायला लागले. मला वाटलं पाऊस आला, म्हणून बाहेर येऊन बघितलं तर आभाळ चांदण्यांनी भरलेलं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसं आमच्याच श्वासाचं पाणी गार पत्र्याला लागून खाली पडत होतं. गोधड्या दमट झाल्या. तीन वर्षांच्या लेकीला खोकला लागला, रात्र रात्र तिला खांद्यावर घेऊन बसायचो. ऊब यावी म्हणून शेगडी आत आणली, तर धूर कोंडला आणि घाम आणखीच वाढला.

माय एक दिवस वर बघत म्हणाली, "आरं, घराला नाकच ठिवलं न्हाई तुम्ही. दम कुठनं घ्यावा त्यानं?"

मी चिडलो. एवढ्या थंडीत फट ठेवायची? पण पोरीचा खोकला ऐकवत नव्हता. दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली दोन्ही टोकांना वीतभर जागा मोकळी केली. चूल बाहेर नेली. पत्र्यावर उसाचं पाचट पसरून सुंभानं आवळलं, म्हणजे पत्रा तेवढा गार पडत नाही. गोधड्या रोज दुपारी उन्हात टाकल्या. चार दिवसांत थेंब थांबले. खोकला जायला महिना लागला, पण गेला.

पुढं सिमेंटचं घर बांधलं. त्यात निर्धास्त झोप लागते, ही काही लहान गोष्ट नाही. पण सिमेंटची भिंत मातीसारखी वाफ पीत नाही. पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि भिंतीला टेकलेलं ज्वारीचं पोतं खालून दमट झालं. तेव्हापासून पोती फळीवर आणि भिंतीपासून चार बोटं लांब. ओले कपडे अंगणात वाळतात. स्वयंपाक आणि अंघोळी उरकल्या की समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडायच्या. एवढ्यानं घर काही गार पडत नाही.

माळवद गेलं याचं मला दुःख नाही, त्यानं फार माणसं खाल्ली. पण मातीबरोबर आम्ही सानंही फेकून दिलं, ती चूक आमची. माय आता नाही. ती लेक आता दिवाळीला माहेरी येते आणि सकाळी उठल्या उठल्या आधी खिडकी उघडते. तिला ते कुणी शिकवलं, हे तिला आठवतही नाही.