औटकी कुठे गेली?

आजच्या मुलांना तोंडी हिशेब येत नाही, हे वाळपईच्या बाजारात हमखास ऐकू येते. मला ते अर्धेच पटते. पोर्तुगीज अमदानीत रुपया 16 टांगांचा, खंडी 20 कुडवांची. म्हणून पावकी, निमकी, दीडकी, औटकी (साडेतिनाचा पाढा) पाठ लागे. ज्याला येत नसे तो दुकानदार सांगेल तेवढे देई. 1959 साली 100 सेंतावांचा एस्कुद आला, मुक्तीनंतर 1962 मध्ये दशमान भारतीय रुपया. औटकीचे कामच संपले. मात्र 370 च्या मालाला 500 ची नोट दिली, तर 130 परत घ्यायचे हे कळायला औटकी लागत नाही. तिथेही कॅल्क्युलेटर निघतो. आम्हा चाळिशीतल्या कारकुनांचासुद्धा! आता फोनवरूनच पैसे जातात, सुटे मोजायची वेळच येत नाही.