फ्रॅटन पार्कचीं गिऱ्हाइकें

घर विकावयास निघालें म्हणजे गिऱ्हाईक येतें, भिंती ठोकून पाहतें, विहिरीचें पाणी चाखतें आणि मालकाच्या अडचणीचा अंदाज घेऊन किंमत पाडून मागतें. परंतु त्याच घरांत तीन पिढ्या भाड्यानें राहिलेल्या कुटुंबांना गिऱ्हाइकाची पारख करण्याचा अधिकार कोणी देत नाहीं. भाडें मात्र त्यांनींच भरावयाचें असतें. इंग्लंडमधील फुटबॉल-क्लबांच्या अभिमान्यांची स्थिति बरीचशी अशीच आहे. क्लब कायद्यानें भागधारकांचा. पण थंडीपावसाची पर्वा न करतां दर आठवड्यास मैदानावर जाणारीं हजारों माणसें त्याला आपला म्हणतात. असा क्लब कर्जांत बुडाला आणि त्याला विकत घेणारा कोणी पुढें आला, तर या माणसांनीं आनंद मानावा कीं धास्ती घ्यावी? पोर्ट्समथ शहराला 2009 पासून 2017 पर्यंत हा प्रश्न पुन्हां पुन्हां पडला, आणि प्रत्येक वेळीं त्याचें उत्तर अधिक सावधपणें द्यावें लागलें.

पोर्ट्समथ हें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील आरमारी शहर. त्याचा बहुतेक भाग पोर्टसी नांवाच्या बेटावर वसला आहे. गोदी, नाविकांच्या बराकी आणि एकमेकींस खेटून उभ्या असलेल्या लहान घरांच्या रांगा, असा त्याचा थाट. येथील कांहीं व्यापाऱ्यांनीं 1898 सालीं एक कंपनी स्थापन केली, 4,950 पौंडांस शेतजमीन खरेदी केली आणि पुढल्या वर्षीं तेथें फ्रॅटन पार्क हें मैदान खेळासाठीं खुलें झालें. कंपनीचे अध्यक्ष जॉन ब्रिकवुड हे दारूभट्टीचे मालक होते. 1939 सालीं या क्लबानें एफ्. ए. चषक जिंकला, लगेच महायुद्ध सुरू होऊन स्पर्धा बंद पडली, त्यामुळें तो चषक 1946 पर्यंत पोर्ट्समथकडेच राहिला. इतका दीर्घ काळ तो दुसऱ्या कोणाहीकडे राहिलेला नाहीं, हें तेथील म्हातारे मोठ्या मिष्किलपणें सांगत. 1949 आणि 1950 अशीं लागोपाठ दोन वर्षें हा संघ देशांत पहिला आला. 26 फेब्रुवारी 1949 रोजीं डर्बी काउंटीविरुद्धच्या सामन्यास 51,385 प्रेक्षक लोटले. फ्रॅटन पार्कवर एवढी गर्दी पुन्हां कधीं झाली नाहीं.

त्या काळीं क्लबाच्या मालकीला एक जुनें कुंपण होतें. फुटबॉल असोसिएशनच्या नियमानें भागधारकांना वांटावयाच्या नफ्यावर मर्यादा घातली होती. ती आरंभीं शेंकडा 5 इतकी होती. संचालकांना पगार नसे. कंपनी मोडली तर तिची मालमत्ता भागधारकांच्या खिशांत न जातां दुसऱ्या एखाद्या क्रीडासंस्थेकडे किंवा धर्मादायाकडे जावी, अशी तरतूद असे. देवस्थानाच्या वहिवाटदारासारखी ही मालकी. मान मिळे, मिरवतां येई, पण जमीन विकून पैसा करतां येत नसे. 1983 सालीं लंडनच्या टॉटनहॅम क्लबानें आपल्यावर एक निराळी कंपनी उभी केली, तिचे भाग शेअरबाजारांत विकले, आणि नियमांत न मोडतां नियमाला वळसा घालण्याची वाट दाखवून दिली. त्या वाटेनें मग पुष्कळ जण गेले. 1992 सालीं प्रीमियर लीग सुरू होऊन टेलिव्हिजनचा पैसा येऊं लागला, तेव्हां क्लब हा व्यापाराचा माल झाला आणि मालाला दूरदूरचीं गिऱ्हाइकें आलीं.

पोर्ट्समथचे लोक मुळांत संशयी नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे. उलट त्यांचा अनुभव चांगला होता. 1998-99 च्या हंगामांत, म्हणजे शंभराव्या वर्षींच, क्लब दिवाळखोरीच्या कांठावर आला असतां मिलान मंडारिक या परदेशी उद्योगपतीनें तो घेतला, सांवरला आणि 2003 सालीं प्रीमियर लीगमध्यें नेला. तेव्हां 2006 सालीं त्याच्याकडून अलेक्झांडर गायडामाक यानें क्लब घेतला, त्या वेळीं फारसे प्रश्न कोणी विचारले नाहींत. नामांकित खेळाडू आले. 17 मे 2008 रोजीं वेम्ब्लीवर कार्डिफ सिटीचा 1-0 असा पराभव करून पोर्ट्समथनें तो जुना चषक पुन्हां घरीं आणला. सुमारें वीस हजार प्रेक्षक मावतील एवढ्या जुन्या मैदानाच्या उत्पन्नावर तशा खेळाडूंचे पगार भागणार कसे, हा हिशेब आनंदाच्या भरांत बाजूस राहिला. त्याच वर्षीं जगभर आर्थिक अरिष्ट आलें, मालकाचा पैसा आटला आणि हिशेब आपोआप पुढें आला.

पुढचा एक हंगाम म्हणजे मालकांची नुसती ये-जा होती. ऑगस्ट 2009 च्या अखेरीस सुलेमान अल् फहीम यानें क्लब घेतला. आदल्याच वर्षीं मँचेस्टर सिटी क्लबाच्या अबूधाबीच्या खरेदीत तो पुढें मिरवत होता, म्हणून त्याच्यापाशीं अमाप संपत्ति असावी असा सर्वांचा समज झाला. सहा आठवडेही झाले नाहींत, तों खेळाडूंचे पगार थकले आणि ऑक्टोबरांत त्यानें क्लबाचा 90 टक्के वांटा अली अल् फराज या सौदी गृहस्थाला दिला. हा मालक फ्रॅटन पार्कवर एकदांही सामना पाहावयास आला नाहीं. फेब्रुवारी 2010 मध्यें क्लबाला कर्ज देणारे हाँगकाँगचे व्यापारी बलराम चैनराय यांच्या कंपनीनें ताबा घेतला. गायडामाक धरून एका हंगामांत चार मालक! त्याच महिन्याच्या 26 तारखेस क्लबावर प्रशासक नेमला गेला. विलायतेच्या कायद्यांत कंपनीला देणीं देणें अशक्य झालें म्हणजे असा प्रशासक येऊन ती चालवितो, आणि जमल्यास विकतो. प्रीमियर लीगच्या क्लबावर हा प्रसंग पहिल्यानेंच आला. शिक्षा म्हणून 9 गुण कापले गेले आणि संघ खालच्या वर्गांत उतरला.

या चौघांपैकीं कोणाचाही मार्ग लीगनें अडविला नव्हता. ‘योग्य आणि लायक व्यक्ति’ अशा नांवाची एक परीक्षा लीगनें ठेविली होती. पण ती मुख्यतः उमेदवार गुन्हेगार किंवा दिवाळखोर नाहीं ना, एवढेंच पाही. त्याच्याजवळ पैसा आहे काय, तो कोणाचा आहे आणि किती दिवस पुरेल, हें तिला पुरतें उमगत नसे. मुलगी देतांना वराच्या अंगावर वॉरंट नाहीं एवढ्यावर समाधान मानण्यासारखाच हा प्रकार. पोर्ट्समथ, आणि 2019 सालीं लीगमधून काढून टाकलेला बरी, अशा क्लबांच्या दुर्दशेनंतर 2025 सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून फुटबॉलसाठीं स्वतंत्र नियामक नेमला आणि मालकांची छाननी त्याच्या कक्षेंत आणली. पोर्ट्समथच्या लोकांना तो पंधरा वर्षें उशिरा लाभला.

प्रशासकानें देण्यांची यादी प्रसिद्ध केली, ती गांवानें वर्तमानपत्रांतून वाचली. एकूण देणें सुमारें 12 कोटी पौंड. फुटबॉलच्या नियमाप्रमाणें खेळाडू आणि दुसरे क्लब यांची देणीं पूर्ण फेडावीं लागत. इतरांना पौंडामागें 20 पेन्स कबूल करण्यांत आले. या इतरांत सरकारी करखातें होतें, त्याचें कोणाला फारसें वाईट वाटलें नसेल. परंतु त्यांत गांवांतले लहान व्यापारी होते, आणि सामन्यांच्या वेळीं जखमी प्रेक्षकांची शुश्रूषा करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही स्वयंसेवी संस्थाही होती. आजवर क्लबाच्या तोट्याची बातमी म्हणजे दूरच्या धनिकाचा तोटा, अशी समजूत होती. आतां तो तोटा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा निघाला. पोर्ट्समथच्या अविश्वासाचें खरें मूळ त्या यादींत आहे. सामने हरल्याचें दुःख त्यापुढें लहान होतें.

तरीही आणखी एक ठेंच लागावयाची होती. जून 2011 मध्यें व्लादिमीर अंतोनोव या बँकवाल्याच्या कंपनीनें क्लब घेतला. दुधानें तोंड पोळलेल्या लोकांनीं या वेळीं ताक फुंकून पाहिलें, पण कागदपत्रें पाहण्याचा अधिकार त्यांना होता कोठें? नोव्हेंबरांत लिथुएनियांतील त्याच्या बँकेच्या प्रकरणीं त्याला लंडनमध्यें अटक झाली. आरोप त्यानें नाकारले, परंतु त्याची कंपनी प्रशासकाच्या हातीं गेली आणि तिच्यामागून फेब्रुवारी 2012 मध्यें क्लबही गेला. पुन्हां 10 गुणांची कपात, पुन्हां खालचा वर्ग.

या वेळीं मात्र क्लबाचे अभिमानी नुसते निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले नाहींत. ‘पॉम्पी सपोर्टर्स ट्रस्ट’ या त्यांच्या संस्थेनें स्वतःच क्लब विकत घेण्याचें ठरविलें. ‘पॉम्पी’ हें क्लबाचें आणि गांवाचेंही लाडकें नांव. एकेक हजार पौंडांचा भाग ठेवण्यांत आला. ज्यांना एकट्यानें तेवढी रक्कम झेपत नव्हती, ते चौघे-पांच मिळून एक भाग घेत. खरेदीला उभे असलेले दुसरे प्रमुख गिऱ्हाईक म्हणजे पुन्हां चैनराय यांचीच कंपनी.

चैनराय यांच्याविषयीं न्यायानें बोलावयाचें तर त्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हती. त्यांनीं कर्ज दिलें होतें, तें बुडूं नये अशी त्यांची इच्छा होती, आणि कोणताही सावकार याहून निराळें काय म्हणेल? पण त्या कर्जाला फ्रॅटन पार्क तारण होतें, आणि अडचण नेमकी तेथें होती. सावकाराला क्लब हें वसुलीचें साधन. गांवाला तो वारसा. दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असतां त्यांचें जमणें कठीण असतें. लोकांना आतां एक गोष्ट पक्की कळली होती: क्लब कोणाच्या नांवावर आहे हें विचारण्याआधीं मैदान कोणाकडे गहाण आहे हें विचारावें. ट्रस्टच्या सभांतून खेळाडूंइतकीच तारणाची आणि खरेदीखताची चर्चा होऊं लागली. गोदींतले कामगार, शिक्षक, निवृत्त नाविक असे लोक दिवाळखोरीच्या कायद्यांतील कलमें बोलूं लागले.

अविश्वासाची किंमतही पडली, आणि ती हलकी नव्हती. 2012 च्या उन्हाळ्यांत खर्च भागविण्यासाठीं वरिष्ठ संघांतील सारे खेळाडू सोडून द्यावे लागले. उसनवारीनें व अल्पमुदतीच्या करारानें जमविलेला संघ त्या हिंवाळ्यांत लागोपाठ वीसहून अधिक सामने जिंकूं शकला नाहीं. कोणीही धनवान येवो पण हें थांबो, असें वाटण्यासारखेच ते दिवस होते. प्रशासकानें ऑक्टोबरांत ट्रस्टला पसंती दिली, तरी मैदानाच्या किंमतीचा तंटा महिनोन्‌महिने चालला. शेवटीं 10 एप्रिल 2013 रोजीं लंडनच्या उच्च न्यायालयाच्या दारांत तडजोड झाली आणि फ्रॅटन पार्कची किंमत 30 लक्ष पौंड ठरली. शहराच्या नगरपालिकेनें 14 लक्ष 50 हजार पौंडांचें कर्ज दिलें होतें. 19 एप्रिल रोजीं क्लब अभिमान्यांचा झाला. इंग्लंडांत एवढा मोठा क्लब त्यापूर्वीं अभिमान्यांच्या मालकीचा झाला नव्हता. संघ त्याच महिन्यांत चौथ्या वर्गांत घसरला, तरी पुढल्या हंगामाचीं दहा हजारांहून अधिक तिकिटें खपलीं.

संपूर्ण मालकी एकट्या ट्रस्टची नव्हती. कांहीं सुखवस्तु अभिमान्यांनीं मोठ्या रकमा घातल्या होत्या. तरी कारभार काटकसरीचा राहिला. सप्टेंबर 2014 मध्यें मागील मालकांच्या काळचीं देणीं फिटल्याचें क्लबानें जाहीर केलें. मे 2017 मध्यें संघ चौथ्या वर्गांत पहिला येऊन वर चढला.

आणि नेमक्या त्याच वेळीं नवें गिऱ्हाईक दारांत उभें राहिलें. वॉल्ट डिस्ने कंपनीचे एके काळचे प्रमुख मायकेल आयस्नर यांच्या कंपनीनें क्लबासाठीं 56 लक्ष 70 हजार पौंड आणि त्यावर 1 कोटी पौंडांची नवी गुंतवणूक देऊं केली. या वेळचा प्रश्न मागील सर्व प्रश्नांहून अवघड होता. पूर्वीं विकणारा दुसराच कोणी असे, तेव्हां शंका घेणें सोपें होतें. आतां विकणारे तेच होते. जुनें मैदान दुरुस्तीला आलेलें, वरच्या वर्गांत टिकण्यास लागणारा पैसा हजार-हजार पौंडांच्या भागांतून उभा राहणें अशक्य, हें हिशेब ठेवणारांना दिसत होतें. दुसऱ्या बाजूस, गांवानें चार वर्षें उराशीं धरून ठेविलेली वस्तु पुन्हां एका परक्या धनिकाला द्यावयाची, ही कल्पनाच कित्येकांना सोसवेना.

गिल्डहॉलमध्यें सभा भरली. आयस्नर यांना समोर येऊन बोलावें लागलें, प्रश्नांना उत्तरें द्यावीं लागलीं. आठ वर्षांपूर्वीं अशी कल्पनासुद्धां कोणी केली नसती. नंतर ट्रस्टच्या भागधारकांचें मतदान झालें आणि सुमारें 80 टक्के मतें विक्रीच्या बाजूनें पडलीं. भागांना मूळ रकमेइतकीच किंमत मिळाली, नफा कोणी मागितला नाहीं. मात्र क्लबाचे रंग, बोधचिन्ह आणि गांवांतील त्याचें ठिकाण यांना हात लावावयाचा झाल्यास अभिमान्यांचे प्रतिनिधि असलेल्या एका मंडळाची संमति लागेल, असा बंदोबस्त करून घेण्यांत आला. 3 ऑगस्ट 2017 रोजीं व्यवहार पुरा झाला.

नव्या मालकीखालीं मैदानाची डागडुजी झाली आणि 2024 सालीं संघ दुसऱ्या वर्गांत परतला. विक्रीनंतर आपलें काम संपलें असें म्हणून ट्रस्ट मात्र विसर्जित झाला नाहीं. सभासद-वर्गणी चालू राहिली, आणि क्लबाचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध झाले कीं ते वाचून प्रश्न काढण्याचें कामही.