प्रस्तावना : सुती कपड्यांच्या दारातून

अकोला-अमरावतीच्या वाचकांना कापसाची ओळख करून देणे हा आगाऊपणाच ठरेल. तरीही सुरुवात कापसापासून करतो. हायपरबॅरिक, म्हणजे वाढीव दाबाच्या, ऑक्सिजनच्या बंद कक्षात शिरताना रुग्णाला मोबाइल, नायलॉन, पॉलिएस्टर, एवढेच काय, डोक्याचे तेलही बाहेर ठेवावे लागते. अंगावर राहते ते निव्वळ सुती कापड. कापूस पेटत नाही असे नव्हे, पण त्यात स्थिर वीज सहसा साठत नाही, आणि ऑक्सिजनने भरलेल्या कक्षात एक ठिणगीही फार होते. मिलानमध्ये 1997 साली अशा कक्षाला आग लागून 11 जण गेले. संशय होता तो हात शेकायच्या एका छोट्याशा साधनावर.

2021 च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट अमरावतीत लवकर उसळली, आणि पुढे ऑक्सिजन हा शब्द घराघरांत प्रार्थनेसारखा उच्चारला गेला. मात्र ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, ही बाजू तेव्हा मागेच राहिली. हायपरबॅरिक उपचारात कक्षातल्या हवेचा दाब नेहमीच्या दुप्पट ते अडीचपट करून रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन देतात. तो रक्तद्रवात विरघळून, रक्त जेमतेम पोहोचते अशा भागांपर्यंतही जातो. मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम आणि कोळशाच्या धुराची विषबाधा ही त्याची ठळक क्षेत्रे.

दुष्परिणामांचे प्रकरण वाचकांनी भीतीने चाळू नये. चिखलदऱ्याचा घाट उतरताना तुमच्या कानात दडे बसले असतील, तर सर्वांत जास्त आढळणारा त्रास तुम्हाला ठाऊकच आहे. आवंढा गिळणे, नाक दाबून हलकी फुंकर मारणे, हे उपायही तेच. बरीच सत्रे झाल्यावर दूरचे धूसर दिसू लागते. ते बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत होते. मधुमेह्यांची साखर उतरू शकते, म्हणून ती आधी तपासतात. अतिऑक्सिजनामुळे येणारी फेफऱ्यासारखी आकडी दुर्मीळ. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्येच तिची नोंद केली होती. ती टाळण्यासाठीच अनेक ठिकाणी मधूनमधून पाच मिनिटे साधी हवा देतात.

छातीच्या पोकळीत हवा साचलेल्या रुग्णाला मात्र तिच्यावर उपचार झाल्याशिवाय आत घेत नाहीत. म्हणून दार लावण्याआधी डॉक्टर काय काय विचारतात, तिथून तुम्ही वाचायला लागा; यंत्राची चित्रे नंतर पाहिली तरी चालतील.