डोळ्यातलं रक्त आणि अंड्यातला पांढरा बलक

डोळा म्हणजे कॅमेरा, असं आपल्याला शाळेत शिकवतात. पण कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हवा असते, डोळ्यात मात्र जेली! तिचं नाव व्हिट्रियस. सुमारे ४ मिलिलिटर, त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त नुसतं पाणी. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्यातली एखादी फुटली की रक्त या जेलीत उतरतं. आधी काळे ठिपके आणि जाळी दिसते, रक्त जास्त असेल तर दिसणंच बंद. दुखत मात्र काही नाही.

मुका मार लागून काळंनिळं पडलं तर दोन आठवड्यांत साफ होतं. व्हिट्रियसमध्ये रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथलं रक्त निघायला महिने लागतात. कधी ते निघतच नाही.

१९७० पर्यंत यावर उपाय एकच: उशी उंच करून पडून राहा, रक्त तळाला बसेल, वाट पाहा. ज्यांचं रक्त निघालं नाही ते आंधळे राहिले, मागचा पडदा शाबूत असला तरी. ती जेली काढून का टाकत नव्हते? कारण व्हिट्रियसला हात लावायचा नाही, ही डॉक्टरांची पक्की समजूत होती. मोतीबिंदू काढताना ती बाहेर आली तर संकट मानलं जाई. १९६० च्या दशकात मायामीच्या डेव्हिड कॅसनर यांनी डोळा पुढून उघडून स्पंज आणि कात्रीने ती काढून दाखवली. डोळा टिकला!

त्याच मायामीत, बॅस्कम पामर संस्थेत, रॉबर्ट माखेमर नावाचा जर्मन डॉक्टर १९६६ साली आला होता. त्याचा विचार असा, की अख्खा डोळा उघडायचा कशाला? लहानशा छिद्रातून आत जाऊन काम करावं. प्रयोगासाठी व्हिट्रियससारखं चिकट काय मिळेल? अंड्याचा पांढरा बलक! घरच्या गॅरेजमध्ये, अंड्याच्या कवचाला भोक पाडून आणि छोटं ड्रिल घेऊन प्रयोग सुरू झाले.

आम्हा इंजिनियर लोकांना इथून पुढे मजा येते. नुसतं ओढलं तर जेलीबरोबर पडदाही ओढला जातो, म्हणून आधी कापायचं, मग शोषायचं. शोषलं की डोळा चेपतो, म्हणून जेवढं काढलं तेवढं सलाईन आत सोडायचं. ज्याँ-मारी पारेल या इंजिनियरच्या साथीने तसं उपकरण तयार झालं. २० एप्रिल १९७० रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. रुग्ण मधुमेही, डोळ्यातलं रक्त पाच वर्षं साचलेलं. त्याला पुन्हा दिसू लागलं.

आता प्रश्न बदलला. काढता येतं, पण थांबायचं किती? अमेरिकेत ६१६ डोळ्यांवर याचा अभ्यास झाला. लगेच ऑपरेशन विरुद्ध वर्षभर थांबणं. १९८५ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांनी ६/१२ किंवा त्याहून चांगली नजर लवकर ऑपरेशन केलेल्यांत २५ टक्के, थांबलेल्यांत १५ टक्के. लहानपणी वा तरुणपणी सुरू होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर ३६ विरुद्ध १२! दुसऱ्या प्रकारात मात्र तसा फायदा दिसला नाही.

माझ्या मावशीच्या डोळ्यात रक्त उतरलं तेव्हा फोनवर सगळ्यांची एकच तक्रार, "डॉक्टर काहीच करत नाहीयेत, थांबा म्हणतात." प्रत्यक्षात डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पडदा सुटलेला नाही याची खात्री करून घेतली होती, पुढच्या तारखा ठरवल्या होत्या. पडदा सुटलेला असता तर थांबून चाललंच नसतं. १९७० पूर्वीचं थांबणं आणि हे थांबणं यात एवढा फरक आहे.

आज छेद अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. जोडीला लेझर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. २०२० साली २०५ डोळ्यांच्या अभ्यासात इंजेक्शन आणि ऑपरेशन यांची तुलना झाली. २४ आठवड्यांच्या सरासरीत फारसा फरक नाही, पण ऑपरेशनने लवकर दिसू लागतं. इंजेक्शनवाल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन करावंच लागलं. तेव्हा "किती थांबायचं" याचं उत्तर अजूनही माणसागणिक वेगळं आहे.

असो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणाला ना कुणाला साखर आहे. नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा थेंब घालून त्यांचा पडदा तपासून घ्या. वाहिनी फुटण्याआधी लेझर करता येतं. पुढच्या फोनवर एवढं विचाराच.